खुर्चीवरचे वार्ताहर

तुंगार्ली, लोणावळे
ता. १९ मे १९३५

प्रिय पद्मजा,

तुझं संक्रांतीचं पत्र चार महिने उशाशी ठेवून आज उत्तराला बसले आहे, तेव्हा रागवायचं तेवढं आधी रागावून घे आणि मग पुढे वाच. लोणावळ्यात दिवसभर करतेस तरी काय, असं तू विचारलं होतंस. तर पुण्याच्या साप्ताहिकात 'आमच्या लोणावळ्याच्या वार्ताहराकडून' म्हणून जो मजकूर तू तळेगावात बसून वाचतेस, तो गेली दोन वर्षं मी लिहिते आहे. खाली 'सु. त्र्यं. परचुरे' एवढंच असतं. इतकं वाचूनही तुला मैत्रीण ओळखू आली नाही, याचा मला थोडा रागच आहे. संपादकांनी त्या 'सु.'चा सुधाकर केला की सुमंत, देव जाणे. पाकिटावर मात्र नेहमी 'रा. रा. परचुरे'. मीही कधी दुरुस्त केलं नाही. बातमी छापून येते ना, मग कशाला उकरून काढा, असं म्हणत राहिले.

फाल्गुनात भाज्याच्या पलीकडच्या एका वाडीतून निमंत्रण आलं. नवी विहीर बांधून झाली होती, ती बांधवून घेणाऱ्या रावसाहेबांच्या हस्ते समारंभ होता, आणि वार्ताहरांनी अगत्य यावं असं लिहिलं होतं. रविवार होता म्हणून हेही सोबतीला निघाले. मळवलीला उतरून उन्हातून चालत पोचलो, तर मांडवात रावसाहेबांच्या शेजारी एक खुर्ची राखून ठेवलेली. मंडळींनी 'या, या, वार्ताहरसाहेब' म्हणत यांना खांद्याला धरून तीत बसवलं, गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला. हे माझ्याकडे असे केविलवाणे बघू लागले की मला हसू आवरेना. मी डोळ्यांनीच 'बसा' म्हटलं आणि बायकांत जाऊन घोंगडीवर टेकले. आमच्या घरात बातमी म्हणजे काय हे यांना ठाऊक असतं ते मी लिहिलेलं वाचल्यावर.

माझ्या शेजारी रतनबाई नावाची एक पोक्त बाई बसली होती. भाषण ऐन रंगात आलं तेव्हा ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, इहिरीत पानी न्हाई. काल सांच्याला नदीवरनं पिंपं भरून चार गाड्या आनल्या आन वतल्या. दोन दिसांत समदं खाली जाईल. मग आमी हाय आन नदी हाय." पाणी पिण्याच्या निमित्तानं मी तिच्याबरोबर विहिरीवर गेले. काठाशी चिखलात गाड्यांच्या चाकोऱ्या ताज्या होत्या, आणि पोहरा सोडला तर तो हातभर पाण्यात बुडून तळाच्या खडकावर वाजला. मी जे पाहिलं आणि ऐकलं तेच लिहिलं. एक शब्द वाढवला नाही.

बातमी छापून आली आणि रावसाहेबांचं पत्र संपादकांकडे पोचलं. 'परचुरे सबंध वेळ माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, माझ्याबरोबर सरबत प्यायले, विहिरीकडे फिरकलेसुद्धा नाहीत, तेव्हा बातमी खोटी आहे,' असं त्यांनी लिहिलं होतं. पद्मजा, त्यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर अक्षर न् अक्षर खरं होतं. संपादकांनी मला आठ दिवस दिले. खुलासा आला नाही तर बातमी मागे घेऊ, म्हणाले. मागे घेतली असती तर वाडीला विहीर मिळाली असंच सगळे धरून चालले असते आणि रतनबाई जन्मभर नदीवर गेली असती. हे बिचारे म्हणाले, मी लिहितो, मध्येच उठून विहिरीत डोकावून आलो म्हणून. मी चिडले. खरी बातमी वाचवायला खोटी साक्ष द्यायची आणि नाव पुन्हा यांचंच. त्या दिवशी आमच्याकडे पिठलं करपलं.

दुसऱ्या दिवशी मळवलीला उतरून एकटी वाडीवर गेले. रतनबाईला म्हटलं, मी माझं नाव सांगणार आहे, पण तुझं घालणार नाही, उगाच तुला त्रास नको. तर ती माझ्यावरच डाफरली. "का वो? पानी आमी वडतो, डोई आमची दुकती. घाला रतनबाईचं नाव. शेजारच्या अंबूबाईचं बी घाला." दोघींचे अंगठे घेऊन आले आणि संपादकांना लिहिलं की खुर्चीवर बसले होते ते माझे यजमान, आणि आपला वार्ताहर घोंगडीवर बसला होता, तो मी. पाकीट पेटीत टाकण्याआधी दोनदा परत फिरले होते, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही.

त्यांनी पत्र जसंच्या तसं छापलं. फक्त एक विचारलं, की यापुढे आपल्याला काय म्हणून छापावं? छापखान्यात कुणी 'वार्ताहरीण' जुळवलं होतं, कुणी 'स्त्री-बातमीदार'. हे म्हणाले, मला 'वार्ताहरपती' छापणार असतील तर माझी हरकत नाही. रतनबाई मला 'बातमीवाली' म्हणते, ते मला सगळ्यांत आवडतं, पण ते तिचं, तिच्याकडेच राहू दे. मी कळवलं, पुरुषाला म्हणता तेच म्हणा आणि पुढे माझं नाव पुरं छापा. विहीर आणखी खोल करायला गेल्या महिन्यात पुन्हा सुरुंग लागले, आणि परवा बजरंग दूधवाला निरोप घेऊन आला की झरा लागला. नंतर रतनबाईनं नव्या पाण्याची घागर भरून पाठवली. मळवलीहून गाडीत येता येता अर्धी सांडली होती, पण उरलेलं आम्ही दोघं तीर्थासारखं प्यायलो.

आता ज्यासाठी चार महिने पत्र लांबलं ते लिहिते. अकरा वर्षांपूर्वी तळेगावाबाहेर प्लेगच्या झोपड्यांत राहून तू हकिकत लिहिली होतीस, आठवतं? मला वाचून दाखवलीस, आणि मी शहाणपणानं म्हटलं की बायकांचं कोण छापतो, तुझ्या भावाचं, श्रीपादचं नाव घाल. छापून आली, श्रीपादला गावानं नारळ दिला, आणि तो नारळ खोवून तू त्याच्या वड्या केल्यास. मला दोन वड्या दिल्यास, हसत. त्यानंतर तू एक ओळ लिहिली नाहीस. मांडवात यांच्या हातात नारळ पाहून मी हसले खरी, पण घरी आल्यावर तुझ्या त्या वड्या आठवल्या आणि मला रडू फुटलं. संपादकांना तळेगावला कुणीतरी हवं आहे. मी तुझं नाव कळवलेलं नाही, कारण ते तू स्वतः लिहायचं आहेस. सोबत कार्ड घातलं आहे. पत्ता माझ्या अक्षरात आहे, सहीची जागा कोरी आहे. तुला तो सल्ला देणारी मीच होते, पद्मजा. तो मी परत मागते आहे.

तुझीच,
सुनेत्रा