कॉलनीतला एकच फोन

आई, परवा शाळेत मुलांना प्रहसन कसं लिहायचं ते शिकवत होते, तर एका मुलीने विचारलं, मॅडम, लोक कॉलनीतल्या गोष्टींनाच एवढे का हसतात? मी पटकन म्हणाले, कारण तिथं कोणाचं काय चुकलं ते प्रत्येकाला कळतं. तिने ते वहीत उतरवून घेतलं. हे उत्तर मुळात तुझं आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

जळगावच्या आपल्या कॉलनीत गणपतीत मी पहिल्यांदा लिहिलं ते राजा-प्रधानाचं होतं. पुठ्ठ्याचे मुकुट, कापसाच्या दाढ्या, सगळा थाट, आणि समोर बायका जांभया देत बसलेल्या. मी रडवेली होऊन घरी आले तेव्हा तू पोळ्या लाटता लाटता म्हणालीस की राजाच्या घरात काय चालतं ते आम्हाला काय माहीत, त्याचं चुकलं तरी आम्हाला कळायचं कसं, आपल्या गल्लीतलं काहीतरी कर. मग मी आजूबाजूला बघायला लागले आणि सगळ्यात आधी तूच दिसलीस. बाबांच्या नोकरीमुळे अख्ख्या कॉलनीत फोन आपल्याकडेच. सावद्याहून, चोपड्याहून, कुठून कुठून फोन येणार, तू कंपाउंडवरून हाका मारणार, शेजारीण हात पुसत धावत येणार, आणि ती बोलायला लागली की तू सूप घेऊन दारात तांदूळ निवडत उभी. पुढच्या गणपतीत मी तुझीच साडी नेसून, तुझंच सूप घेऊन स्टेजवर गेले. एक खडा काढायचा, फोनकडे एक पाऊल सरकायचं. पुन्हा एक खडा, पुन्हा एक पाऊल. शेवटी कान रिसीव्हरला आणि खडा परत तांदळात. मांडव कोसळायचा तेवढा बाकी होता. बायका वळून वळून तुझ्याकडे बघत होत्या, आणि तूही तोंडाला पदर लावून हसत होतीस. मी किती खूश झाले होते, काय सांगू.

त्यानंतर फोन आला की तू हाक मारायचीस आणि फाटकापाशी जाऊन थांबायचीस. मला वाटलं, बरं झालं, खोड मोडली. मग तो उन्हाळा येतो. भर दुपारी समोरच्या काकूंना सोनगीरहून फोन. तू डोक्यावर पदर घेऊन त्या उन्हात फाटकात उभी आहेस, मी आतल्या खोलीत अभ्यास करतेय. धप्पकन आवाज होतो. बाहेर येऊन बघते तर काकू जमिनीवर, रिसीव्हर लोंबकळतोय, टीपॉयचा कोपरा लागून कपाळातून रक्त येतंय. तू चपलांसकट धावत आलीस आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलंस. “मना भाऊ गया, अक्का,” माझा भाऊ गेला, एवढंच त्या अहिराणीत म्हणत राहिल्या. मी नुसती बघत उभी होते.

संध्याकाळी तू फरशी पुसत होतीस. रागावली नव्हतीस, माझ्याकडे बघतही नव्हतीस.

“मी ऐकायला नव्हते गं उभी राहत. गावाकडून फोन येतो तो बहुतेक वाईटच. माणसाजवळ कोणीतरी असावं.”

आणि मग फडकं पिळत म्हणालीस की थोडंफार ऐकायचेही, नाही कशाला म्हणू. मला तेव्हा तुझ्या गळ्यात पडून रडायचं होतं. मी बादलीतलं पाणी बदलून आणलं.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून पुढचं लिहिते. दोन वर्षांनी धुळ्याला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मला पहिलं बक्षीस मिळालं. तो कप तू टेबलावर मांडलास, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला दाखवलास. एसटी स्टँडवरचं नाटुकलं होतं, असं मी तुला सांगितलं होतं. खोटं होतं ते, मी तुझं सूप आणि फोनचंच केलं होतं. धुळ्यात तुला कोणी ओळखत नव्हतं, तरी लोक पोट धरून हसले, कारण प्रत्येकाच्या गल्लीत अशी एक बाई होतीच. खरं काय ते मला ठाऊक होतं, आई, आणि तरीही मी तुला चोरून ऐकणारीच दाखवलं.