ओनिगाराला शाल-श्रीफळ

मानपाडा, डोंबिवली पूर्व
सोमवार, सकाळचे सव्वाअकरा (भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, ती वजा करून)

ती. रवींद्रदादा यांना,

धाकट्या बहिणीचा नवरा काळुराम याचा वाकून नमस्कार. तुमची साखर मागच्या खेपेला १६८ निघालेली. ती जेवणाआधीची की नंतरची हे तुम्ही सांगितलं नाही, त्यामुळे किती काळजी करायची ते मला ठरवता आलेलं नाही. वहिनींचा गुडघा आणि तुमच्या बाविसाव्या मजल्याची लिफ्ट, दोन्ही चालत असतील अशी आशा. आमच्याकडे सगळे बरे आहेत. दिपेशच्या लग्नाची पत्रिका सोबत आहे. तिच्यात मुहूर्त १२ वाजून २३ मिनिटांचा छापलाय, तो २१ चा आहे, मी पेनाने दुरुस्त केलाय. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला दुसऱ्या मिनिटाला "बरं, ठेवतो" म्हणता, आणि हा विषय दोन मिनिटांचा नाही.

दादा, काल मी तानिमुरा-सानना भेटलो. (सान म्हणजे जपानीत आपलं 'राव'.) नाव तुम्हाला माहीत नसणार, ज्याचं तोंड पडद्यावर दिसत नाही त्याचं नाव कोण लक्षात ठेवतो? ओनिगारा हा जपानी सिनेमातला अजस्र प्राणी. समुद्रातून येतो, पूल मोडतो, विजेच्या तारा चावतो आणि शेवटी बिचारा एकटाच परत जातो. त्याचे एकूण पाच भाग आले आणि पाचही भागांत त्या रबरी सोंगाच्या आत तानिमुरा-सान होते. आज ते चौऱ्याऐंशीचे आहेत. मी तिसरा भाग पहिल्यांदा पाहिला तो दहावीत नापास झालो त्या आठवड्यात, आमच्या इथल्या व्हिडिओ पार्लरमध्ये, आणि त्यानंतर आजवर सदुसष्ट वेळा. शाळेत माझं काही शिकून झालं नाही, पण पुढे रबराचं काम एमआयडीसीत शिकलो, जपानी एका पुस्तकावरून शिकलो, आणि दोन्हीला गुरू केला नाही हे मी अभिमानाने सांगतो.

माझ्याकडचा ओनिगारा तुम्ही पाहिलाय. वास्तुशांतीला त्याच्या शिंगांवर ओल्या छत्र्या टांगल्या होत्या, त्यातली एक तुमची होती. उंची एक मीटर अठ्ठ्याण्णव, शेपूट दोन मीटर चौदा, वजन सेहेचाळीस किलो. कंपनीने नापास केलेलं रबर साहेबांना विचारून घरी आणून अकरा वर्षांत बनवला. डावा डोळा चार अंश खाली झुकलेला आहे. लोक म्हणतात वाकडा बसलाय. तो वाकडा बसवलाय, कारण तिसऱ्या भागात तो वाकडा आहे. तर आता नवी सून, समृद्धी, येणार आणि मागची खोली दिपेशला द्यायची. कल्पिताने महिन्याभरापूर्वी जाहीर केलं की मुलगी माप ओलांडून आत येणार आणि समोर हा दात काढून उभा, हे चालणार नाही, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. मी खूप वाद घातला. शेवटी ती म्हणाली, "ज्याने आयुष्यभर तो घातला, तो म्हातारा येतोय ना ठाण्याला? त्याने बरोबर आहे म्हटलं तर राहू दे. नाही म्हटलं तर सोमवारी गाडी येईल." तुमची बहीण एकदा बोलली की बोलली, हे तुम्हाला मी सांगायला नको.

घोडबंदर रोडला एका मोठ्या हॉलमध्ये अशा सिनेमांच्या शौकिनांचा मेळावा होता. त्यासाठी तानिमुरा-सान आणि त्याच सिनेमांतल्या नायिका ओकुझावा-सान, वय एकोणऐंशी, मुद्दाम जपानहून आलेले. आम्ही टेम्पो केला. ओनिगारा आडवा मावेना, म्हणून त्याला उभा बांधला, आणि शेपटीला नियमाप्रमाणे लाल फडकं. कल्पिता पुढे बसली, मी मागे त्याला धरून. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये एक तास पन्नास मिनिटं गेली, तेवढ्यात शेजारच्या बसमधल्या एका बाईंनी हे कुठल्या मंडळाचं विसर्जन म्हणून विचारलं. मी त्यांना पहिल्या दोन भागांची गोष्ट सांगितली. तिसरा सुरू केला आणि सिग्नल सुटला.

हॉलमध्ये आधी ओकुझावा-सान भेटल्या. मी पाठ केलेलं स्वागत जपानीत म्हटलं. त्यांनी फार आदराने ऐकून घेतलं आणि दुभाषी संचिताला (कल्याणची मुलगी आहे, जपानी उत्तम) विचारलं की ही इथली कुठली भाषा. असो, पुस्तकात उच्चार दिलेले नव्हते. मग संचितामार्फत मी त्यांना सांगितलं की दुसऱ्या भागात तुम्ही अकरा वेळा किंचाळता, पैकी नववी किंकाळी तुमची नाही. संचिता माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी त्यांचं वय चारचौघांत काढलं. आणि मग बाई जे हसायला लागल्या, खुर्चीचा हात धरून हसल्या. त्या दिवशी त्यांचा घसा बसलेला, नववी किंकाळी रंगभूषा करणाऱ्या बाईंनी दिली होती. त्या बाई वारल्या, दिग्दर्शक वारले, पन्नास वर्षांत कुणी ओळखलं नाही. ते मानपाड्यात ओळखलं गेलं.

मग तानिमुरा-सान आले. इतका लहानखुरा माणूस, दादा, तुमच्या खांद्याला लागेल. तेवढ्या माणसाने पाच पूल मोडले. त्यांनी माझ्या ओनिगाराभोवती फेरी मारली, आणि डाव्या डोळ्यापाशी थांबून बोट ठेवलं. ते म्हणाले की तिसऱ्या भागात ते पाण्याच्या टाकीत तोंडावर पडले, डोळा निखळला, आणि घाईत तो तसाच चिकटवला. संचिता हे सांगत असताना मी कल्पिताकडे बघितलं. ती शेपटीवरची धूळ पदराने पुसत होती. त्यांनी पुढे विचारलं, हा घालून चालता कसे? मला खरं सांगावं लागलं की अकरा वर्षांत मी तो एकदाही घातलेला नाही. चेन पाठीमागे आहे, ती दुसऱ्याने लावावी लागते, आणि आमच्या घरात ती लावायला कुणी तयार नाही (कल्पिताने तर शपथ घेतली आहे). त्यांनी कोट काढून संचिताकडे दिला, मला आत उभं केलं आणि स्वतःच्या हाताने चेन लावली. मग माझा रबरी पंजा धरून त्यांनी मला चालायला शिकवलं. आधी डावी टाच, मग कंबर, शेपूट मागून आपोआप येते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस मला पावलं टाकायला शिकवत होता, दादा. आत कुणाला दिसत नाही म्हणून सांगतो, मी रडलो.

नेमका त्याच वेळी सत्कार सुरू झाला. कार्यक्रमाचे प्रायोजक आमच्या गावचे कमलेशशेठ. त्यांचा नियम असा, की बॅनरवर ज्याचा फोटो सगळ्यांत मोठा त्याचा मान पहिला. आणि बॅनरवर सगळ्यांत मोठा फोटो ओनिगाराचा होता. निवेदकाने जपानहून खास आलेले ज्येष्ठ कलाकार म्हणून पुकारा केला आणि कमलेशशेठच्या माणसांनी मला दोन्ही बाजूंनी धरून स्टेजवर नेलं. खरे ज्येष्ठ कलाकार मागे टाळ्या वाजवत उभे. मी आतून ओरडलो की अहो शेठ, मी काळुराम, आपल्या पलीकडच्या आळीतला. शेठनी माइकवर सांगितलं की पाहुणे त्यांच्या भाषेत आभार मानतायत.

आता एक तांत्रिक बाब. आतल्या माणसाचे डोळे ओनिगाराच्या डोळ्यांत नसतात, मानेत असतात. तिथे सहा भोकं आहेत, चार बघायला, दोन श्वासाला. शेठनी शाल घातली ती बरोबर मानेवर. एका पंजात नारळ, एका पंजात गुच्छ, आणि डोळ्यांसमोर मिट्ट काळोख. मी आधी डावी टाच टाकली, मग कंबर, आणि शेपूट आपोआप आली ती शेठच्या पोटरीवर. पुढचं मला ऐकूनच माहीत आहे. मी मान्यवरांच्या सोफ्यावर बसलो, सोफा बसला, नारळ फुटला आणि लोकांनी प्रचंड टाळ्या वाजवल्या. शाल ओढून काढली ती तानिमुरा-साननी. आणि चेन उघडली कल्पिताने, जिने शपथ घेतली होती. मला बाहेर काढून तिने हात आत घातला, अस्तर चाचपलं, थोडं बाहेर ओढून बघितलं आणि तशीच उभी राहिली. मला वाटतं घाबरली असावी.

मी घाम पुसून निकाल विचारला. तानिमुरा-साननी पण आत हात फिरवला. ते म्हणाले, "हा ओनिगारा नाही. आमच्या आत नुसतं रबर होतं, माझ्या खांद्यांची सालं निघायची. तुमच्या आत कुणीतरी मऊ कापड घातलंय. कुणाच्या हातची शिवण आहे ही?" मी जुनं कापड आहे म्हणून वेळ मारून नेली. त्यांनी ओनिगाराला कमरेत वाकून नमस्कार केला, मला नाही, ओनिगाराला, आणि ओकुझावा-सानना घेऊन गेले. आता ही स्तुती आहे, की नापास? शब्द मोजले तर "हा ओनिगारा नाही" असं ते स्वच्छ म्हणाले. येताना कल्पिता पुढे न बसता मागे ओनिगाराला टेकून बसली, निकाल मात्र अजून दिलेला नाही. आज सोमवार आहे. पण काही होवो, दादा, मी ओनिगारा होऊन चाललो. तेहेतीस पावलं.

वहिनींना नमस्कार.

आपला,
काळुराम

ता. क. : तुमची ड्राय बाल्कनी मी मागे मोजली होती. दोन मीटर तीस बाय एक मीटर वीस. ओनिगारा शेपूट गुंडाळून तिथे बरोबर बसतो. टेम्पोवाल्याशी दुपारी तीनचं बोललोय, हे पत्रही त्याच्याच हाती येईल. फक्त पाठीची चेन कुणी उघडू नये.

ता. ता. क. : का उघडू नये तेही सांगून टाकतो. सासूबाई ठमाबाई गेल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच्या लुगड्यांची हाताने शिवलेली गोधडी सापडली नाही. कल्पिताला वाटतं ती तुम्ही नेली, तुम्हाला वाटतं कल्पिताने, आणि त्यावरून नऊ वर्षं भाऊबीजेला तुम्ही दोघं पंधरा मिनिटांच्या वर बसत नाही. गोधडी ओनिगाराच्या आत आहे. छातीला एक घडी, दोन्ही खांद्यांना एकेक. तेव्हा मला वाटलं जुनी आहे, कुणी विचारणार नाही. मग तुम्ही दोघांनी विचारलं, आणि माझी सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही रागावून दोन शब्द लिहा, पण कल्पिताला तूर्त काही सांगू नका. पाकिटावर तुमच्या टॉवरचा पत्ता घालायला मी तिच्याकडेच देतोय, तिला तो पाठ आहे.

दादा, पाकीट मीच बंद करतेय, म्हणून लिहिते. आईचा टाका मी कालच ओळखला. भंगारवाल्याला सकाळी परत पाठवला. टेम्पो रिकामाच येईल, त्यात तू आणि वहिनी बसून या, जेवायलाच या. मी इतकी वर्षं तुझ्यावर आळ घेतला, ते तोंडाने सांगायचंय. समृद्धीला मी सांगेन की तो आमच्या घरचा आहे. यांना यातलं काही बोलू नकोस, अजून दोन दिवस घाबरू देत. कल्पिता.