पणजोबांच्या कपाटाची वाटणी

१९ एप्रिल, रविवार. सकाळी ७.१५
रिटायर होऊन एकोणीस दिवस. अंबरनाथच्या कंपनीत स्टोअर सांभाळण्यात चौतीस वर्षं गेली. आजपासून नवं आयुष्य: फर्निचरला अँटिक लूक देणे. काल अकरा व्हिडिओ बघितले. रंग द्यायचा, कडा घासायच्या, वरून मेण चोळायचं. विषय संपला.

हेतू शुद्ध आहे. कौसाकाकूला या घरी आणायचं. आई गेल्यावर काकूने मला आणि तिच्या नाथाला एका ताटात जेवू घातलं. पण नऊ वर्षांत ती जांभूळ गावाहून इथे बदलापूरच्या बेलवलीला एकदाही आलेली नाही. नाथाही बोलत नाही. जमिनीच्या वाटणीत रस्त्यालगतचा तुकडा नशिबाने माझ्याकडे आला, माळ नाथाकडे गेला. माझ्या तुकड्यातून हा फ्लॅट झाला. माळावर गवतही धड येत नाही. नशिबापुढे कोण काय करणार?

माझं निदान असं की काकूला नवं घर परकं वाटतं. एक जुनी वस्तू दिसली की येईल, आठ दिवस राहील. बायको म्हणाली, एक फोन करून ये म्हणा. संजीवनीला टेक्निकल बाजू कळत नाही.

२१ एप्रिल
उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जाऊन कोरं दोन दारांचं कपाट घेतलं. दुकानदाराला प्लॅन सांगितला. म्हणाला, अंकल, सब लोग पुराना लाके बोलते हैं नया बना दो, उलटा बोलनेवाले आप पहले आदमी हो. बरं वाटलं. पहिलं कुणीतरी असावंच लागतं.

२३ एप्रिल
खाली चॉकलेटी रंग, वर मोरपंखी. वाळल्यावर कडा पॉलिशपेपरने घासल्या, म्हणजे आतला चॉकलेटी दिसतो आणि शंभर वर्षं हात लागल्यासारखं वाटतं. जरा जास्तच हात लागला. डावी बाजू उंदरांनी खाल्ल्यासारखी दिसते. जुन्या घरांत उंदीर असायचेच.

२५ एप्रिल. दुपारी
मेण. आधी बिनरंगी मेण लावायचं आणि त्यावर गडद, असं सगळे व्हिडिओ सांगतात. ते नवशिक्यांसाठी. मी थेट गडद लावलं. रंगाने ते पिऊन टाकलं आणि काळे डाग पडले. संजीवनीने विचारलं, गॅसवर धरलं होतं का. एका दारातच डबा संपला. दुसऱ्या दाराला ब्राउन बूटपॉलिश वापरलं, सहा डब्या. तेही मेणच. घराला शाळा सुरू होण्याच्या दिवसाचा वास येतोय.

२६ एप्रिल. ११.१०
मेण वाळावं म्हणून कपाट आतून ओढून बेडरूमच्या दारात उभं केलं. हॉलच्या पंख्याचा वारा बरोबर मिळतो. मी बेडरूममध्ये आहे. कपाटाचे पाय उंबऱ्याच्या पट्टीत अडकलेत, ते हलत नाही. ओलं असल्यामुळे हातही लावता येत नाही.

१.३०
संजीवनीने कपाटाच्या पायांमधून ताट सरकवलं. आमटी सांडली. क्रिएटिव्ह माणसाला एकांत लागतोच.

६.००
एकांत पुरे.

७.२०
वॉचमनने ढकलून मला सोडवलं. उजव्या दारावर त्याच्या पंजाचे दोन ठसे. राहू द्यायचे ठरवलं.

१ मे
सोसायटीच्या ग्रुपवर ‘आपला वारसा’ फोटो स्पर्धा. कपाटाचा फोटो टाकला. नुसता फोटो उघडा वाटत होता म्हणून खाली ओळ लिहिली: पणजोबा शिवराम यांचं कपाट, अंदाजे १९१०. खोटं नव्हे, वातावरणनिर्मिती. पहिलं बक्षीस. एकूण तीन फोटो होते, त्यातला एक सेक्रेटरी नरेंद्र यांच्या मिक्सरचा.

३ मे, रविवार. रात्री ८
नाथाचा फोन. नऊ वर्षांनी. फोटो फिरत फिरत जांभूळला पोचला. दादा, अभिनंदन, म्हणाला. मग म्हणाला, पणजोबा जेवढे तुझे तेवढे माझे, कपाट काही वाटणीत आलं नव्हतं, म्हणजे ते सामाईक आहे, त्यात माझा अर्धा वाटा आहे.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात म्हणाला, आई येईल रविवारी, ती सांगेल तसं करू.

काकू येणार! मी म्हटलं, अवश्य.

४ मे
मार्ग एक: कपाट उल्हासनगरचं आहे असं सांगणे. काकू येणार नाही, नाथा हसेल, नरेंद्र सर्टिफिकेट परत मागतील. मार्ग दोन: कपाट पणजोबांचं आहे यावर ठाम राहणे. मग अर्धं नाथाचं. कपाटाला दारं दोन आहेत, पण पाठ एकच आहे. तिसरा मार्ग सापडेपर्यंत ठाम राहायचं.

६ मे
बदलापूरला बेचाळीस डिग्री. मेण वाळलेलं तर नाहीच, आता पाझरतंय. चिलटं चिकटली आहेत. पेपर टेकवला तर राशिभविष्य दारावर उमटलं, उलटं. संजीवनी म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही, नाथाभावजींना खरं सांगून टाका, हसतील आणि विसरतील. तिला कसं सांगू, आतापर्यंत चौदा जणांना सांगून झालंय. वांगणीच्या साडूला तर चोरकप्प्यासकट.

८ मे
पणजोबा आठवू लागले आहेत. दुपारी कपाटाला टेकून पान जमवायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण रक्तात असतं काही.

९ मे
झोप नाही. काकू आली की तिला बेडरूम द्यायची. तिच्यासाठी नवी चादर आणली, मग वापरलेली वाटावी म्हणून दोनदा धुतली. एवढं सगळं मी तिच्यासाठी करतोय हे तिला कळलं पाहिजे.

१० मे, रविवार. रात्री
सकाळी दहाला दोघं आले. काकू खूप वाकली आहे. दारात थांबून तिने घर पाहिलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला रडू आलं. ते मात्र खरं होतं.

मग ती कपाटाकडे गेली. सगळीकडून बघितलं, दारावर तळवा ठेवला, तो तपकिरी झाला. नाकाशी नेला. नाथा भिंतीकडे बघत होता. काकू म्हणाली, हां, आपलंच हाय. मामंजींच्या बापाचं.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. क्षणभर खात्रीच पटली की उल्हासनगरला मी गेलोच नव्हतो.

लगेच तिनेच निवाडा केला. कपाटाचं अर्धं अर्धं करता येत नाही. श्यामला, म्हणजे मला, रस्ता मिळाला, नाथाला कपाट. टेम्पो खालीच उभा होता, म्हणजे घरूनच ठरवून आले होते. नाही म्हणायला माझ्याकडे एकच कारण होतं, आणि ते सांगायची सोय मी ठेवली नव्हती. वॉचमन आणि नाथाने कपाट उचललं. मी लिफ्टचं दार धरलं.

ते खाली गेल्यावर काकू स्वयंपाकघरात आली. संजीवनी चहाचे कप घेऊन टेम्पोपाशी गेली होती. मी म्हटलं, काकू, आता आठ दिवस राहा. ती हळू आवाजात बोलली. आपल्याकडं कपाट कवा व्हतं रं? ठेवायला व्हतं काय? दोन लुगडी, ती दोरीवर.

विचारलं, मग आपलं आहे असं का म्हणालीस?

म्हणाली, तुझ्या हातून नाथाला कायतरी मिळावं म्हणून. खरं बोलून तू दिलं नसतंस.

मी म्हटलं, वाटणी देवापुढे झाली, नशिबाने झाली. ती म्हणाली, देवापुढं तू दोन चिठ्ठ्या टाकल्यास. नाथानं एक उचलली, माळ निघाला. दुसरी उघडायची काय गरज, असं म्हणून तू ती तिथंच टाकून उठलास. सांजच्याला केर काढताना मला गावली. मला वाचता येत नाय, श्याम. पन नाथाची चिठ्ठी बाजूला ठेवून बगितली. दोन्हींवर तीच ती अक्षरं व्हती.

मग हात धुवायला साबण मागितला. बूटपॉलिश साबणाने निघत नाही. मी रॉकेल शोधत होतो तेवढ्यात ती तशीच खाली गेली आणि टेम्पोत पुढे बसली.

११ मे
चिठ्ठ्या घाईत लिहिल्या होत्या. त्या वेळी माझी तब्येतही बरी नव्हती.

संजीवनीने विचारलं, काकू राहिल्या का नाहीत, पुन्हा कधी येणार? दिवाळीत येते म्हणाली, असं मी सांगितलं.