डबीतली सुपारी

३ जानेवारी, नौबाद
यंदा संकल्प तीनच. धाव, गाव, रेघ. धाव म्हणजे डिसेंबरातली हैदराबादची एकवीस किलोमीटरची दौड. गाव म्हणजे महिन्याला एक, आपल्याच बीदर-गुलबर्ग्यातलं, न पाहिलेलं. रेघ म्हणजे पेन्सिलनं चित्रं. गेल्या वर्षी पाच संकल्प होते, कोणते ते आठवत नाही. शारदा म्हणाली, "पंपाच्या दुकानात नुसतं उभं राह्यलात तरी वजन उतरंल." बायकोला कोण सांगणार, दुकानात गिऱ्हाईक उभं राहतं, मालक बसतो.

९ जानेवारी
धाव सुरू. सोबत गौतम. शेजारचाच. दवाखान्यात रक्त तपासतो. माझं त्यानंच तपासलं आणि कंपाउंडवरून ओरडून साखरेचा आकडा सगळ्या गल्लीला कळवला. "अण्णा, गोळी गिळ न्हाईतर पळ. मी रोज जायलोय, चल."
पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो आणि बसलोच. रस्त्यावरचा एक म्हातारा, "कुत्रं मागं लागलंय काय रे?"

१० जानेवारी
पळायला आईला, आमच्या अव्वाला, विचारावं लागलं. पंचेचाळीस वर्षांचा घोडा मी, तरी. अप्पा दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले तेव्हापासून कुणाला धाप लागली की तिचा जीव खालीवर होतो. माझ्या गळ्यातला डबीचा दोरा ओढून बघितला. मग,
"लिंग अंगावरनं काढायचं न्हाई. ते असलं की मला घोर न्हाई. वचन दे."
दिलं. त्यात काय एवढं? आम्हा लिंगायतांचं इष्टलिंग, जन्मल्यापासून गळ्यात आहे.

१५ फेब्रुवारी
गाव: जलसंगवी. देवळाच्या भिंतीवरच्या दगडी बायका बघत उन्हात दोन तास. एकीचा पाय कागदावर बरा उतरला, बाकीची बाई ढोबळी मिरची. गौतमनं चित्र बघून विचारलं, "हिचं रक्त तपासायचं का?"
धाव: पाच कि.मी. न थांबता. कुणाला सांगू आणि कुणाला नको. दुकानात दोन गिऱ्हाइकांना सांगितलं. त्यांना मोटार हवी होती.

१७ मार्च
लिंगाची चांदीची डबी पळताना उरावर आपटते. हाडावर काळं-निळं झालंय. आजपासून पळताना डबी घरी ठेवायची, इष्टलिंग तेवढं कापडात गुंडाळून गळ्यात. वचन मोडत नाही, डबी म्हणजे लिंग नव्हे. स्वतःशी वकिली करायला लागलो की समजावं काहीतरी चुकतंय.

११ मे
गेलं.
परतल्यावर आंघोळीला बनियन काढला तर गळ्यात नुसता दोरा. कापडाची गाठ घामानं कुजून सुटली असेल. कापड नाही, लिंग नाही. सकाळी दहा कि.मी. पळून आलो होतो, पहिल्यांदाच, आणि घरात शिरताना नाचत होतो.
बादलीत पाणी तसंच ठेवून परत रस्त्यावर. टॉवेलवर. भर उन्हात चालत गेलो, चालत आलो. काही नाही.

१२ मे
गौतमला सांगितलं. वाटलं होतं हसेल. त्यांच्या घरी देव नाहीत, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. हसला नाही. "कुठवर होतं आठवतंय का?" म्हणाला आणि नालीत उतरला. सकाळभर दोघं वाकून. तांबड्या मुरमात काळं लिंग लांबून दिसेल असं वाटलं होतं. काळं दिसतं, पण त्या शेळीच्या लेंड्या निघतात.
एक बाई थांबली, "काय हारपलंय?" मी म्हटलं, किल्ली. गौतमनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

१४ मे
अव्वाला सांगायचं की नाही?
सांगितलं तर पळणं बंद, ते तर आहेच. ती घाबरेल, त्याचं काय करू? लिंग हरवलं म्हणजे जीव हरवला असं मानणारी बाई. रात्रंदिवस माझ्या छातीकडं बघत बसेल. न सांगावं तर रोज सकाळी शेजारी बसून पूजा कशाची करू? तीन दिवस सबबी सांगून टाळली.
मी मानतो का हे सगळं? दहा दिवसांपूर्वी कुणी विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. मग दोन दिवस जेवण का जात नाहीये?

१५ मे
डबीत सुपारी ठेवली. काळी, चिक्कण, वाण्याकडून निवडून आणलेली. डाव्या तळहातावर घेतली, बोटं जरा मिटून, वर भस्म, बेलाचं पान. अव्वाचा एक डोळा ऑपरेशनचा, दुसरा तसाच. तिला कळलं नाही. मला लाज वाटली. दोन घास जास्त जेवलो ही आणखी लाज.

२ जून
गंमत बघा. गंमत कसली.
लहानपणापासून पूजा करतोय, तेव्हा तळहाताकडं बघत दुकानाचा विचार करायचो, कुणाचा पंप जळला, कुणाचा दुरुस्तीला आला. आता सुपारीवर नजर ठेवतो आणि ती हलत नाही. बोट सरकलं तर अव्वा बघेल, म्हणून. पण हलत नाही हे खरं. आज तर डोळ्यांत पाणी आलं. अव्वा खूश. "आता कुठं पूजेत मन लागायलंय तुजं."
खरं लिंग होतं तेव्हा पूजा खोटी, आणि आता... कुणाला विचारू हे?

२१ जून
गाव: खजुरी. खरं तर हे पाहिलेलं, अव्वाचं माहेर, पण तिनं हट्ट धरला. मामांच्या घरी ओसरीत मला उभं केलं. "हितं. हितंच स्वामींनी तुज्या गळ्यात लिंग बांधलं. बारा दिवसांचा व्हतास. रडला न्हाईस, मुठीत धरलास." मामी हसल्या. मीही हसलो. हात सदऱ्यावरून डबीवर गेला, सुपारी आत खडखडली. दचकून खोकलो.
शिवाराच्या टोकापर्यंत पळून आलो, महाराष्ट्राच्या पाटीला हात लावून परत. पेरणीची माणसं बघत होती. बघू देत.

९ जुलै
रेघ: लिंगाचं चित्र काढायला बसलो. जमेना. अंड्यासारखं, की खाली बसकं? एका बाजूला बारीक खड्डा होता, की तो अव्वाच्या गळ्यातल्या लिंगाला? चाळीस-पंचेचाळीस वर्षं रोज हातावर घेतलं आणि आकार सांगता येत नाही. सहा कागद फाडले. शेवटी सुपारी समोर ठेवून तिचंच काढलं. हुबेहूब आलं. वर्षातलं पहिलं जमलेलं चित्र.

१६ ऑगस्ट
गाव: निर्णा. गौतमचं. शेवटचे बारा कि.मी. पळत गेलो, पाऊस थांबून थांबून. त्याच्या आईनं टॉवेल दिला, चहा दिला, माझ्या पायांकडं बघून म्हणाली, "शेट लोकं बी पळायलेत की आता."
गौतमनं तोंड उघडलंच. "आई, अण्णाचं लिंग हारवलंय रस्त्यात." मी त्याला डोळे दाखवले. म्हातारीनं हातातलं पीठ झटकलं.
"आमच्या घरात हारवलं न्हवतं बाबा, सोडलं व्हतं. माज्या सासऱ्यानं धम्म घेतला, घरातले सगळे देव टोपल्यात घालून नदीला सोडून आला. सासू काय बोलली न्हाई. पर तिचा हात सकाळी कोनाड्याकडं जायचाच. रिकाम्या कोनाड्याला कुकू लावायची, मग भानावर यायची. लई दिवस."
"मग?"
"मग तितं मिठाचं गाडगं ठिवलं. हात गेलाच तर मीठ तरी गावंल मनली."
मी विचारलं, सोडल्याचं वाईट वाटलं का तिला? "वाईट कामून? माणसात आलो की आमी. पर हाताला कळाया येळ लागतुय."
परतताना बसमध्ये गौतम झोपला. मी विचार करत आलो. ते ठरवून सोडून मोकळे झाले, माझं नुसतं पडलं. पडलेल्याला काय म्हणायचं?

७ सप्टेंबर
शारदाला कळलं. डबी घासायला घेतली होती. काउंटरवर येऊन सुपारी ठेवली माझ्यापुढं.
"पानाचा डबा केलाव व्हय?"
लिंग मे महिन्यात पडलं, म्हणालो. ती स्टुलावर बसली. "एवढे दिवस माज्याशी बी बोलला न्हाईत." याचंच तिला जास्त लागलं. मग व्यवहारी झाली: मठात जा, स्वामींकडून नवं घ्या, अव्वांना कळायचं कारण नाही.

१२ सप्टेंबर
मठात गेलो. स्वामी तरुण आहेत, माझ्याहून लहान. सगळं ऐकलं. सुपारीचं सांगितलं तेव्हा हसू दाबलं, ते मला दिसलं. "नवं देतो. अवघड काही न्हाई. पण पहिलं अव्वांना सांगून या. त्यांच्याशी खोटं बोलून मी बांधणार न्हाई."
म्हणजे फिरून तिथंच.

१९ ऑक्टोबर
अठरा कि.मी. गौतमनं परत रक्त काढलं, साखर सरळ झालीय. अव्वानं गल्लीत वाटायला हुग्गी केली, गव्हाची खीर. साखर उतरली म्हणून गोड. सगळ्यांना सांगत होती, "लिंगाची कृपा." मी वाटी घेऊन आत गेलो.
त्याच रस्त्यानं पळतो अजून. दुसरे चांगले रस्ते आहेत. नजर रस्त्याच्या कडेलाच असते, गौतम ओरडतो, मान वर ठेव.

२३ नोव्हेंबर
दौडीचा नंबर आला, छातीवर लावायचा. रेघ बंद. गाव बंद, सप्टेंबरपासून कुठं गेलो नाही. तीनपैकी एकच संकल्प पुरा होईलसं दिसतंय आणि तोच वचन मोडून.
आज पूजेनंतर सांगणार होतो. अव्वानं दुधाचं भांडं मागितलं, राहून गेलं.

डिसेंबर, शुक्रवार
सांगितलं.
पूजेला बसलो, बोटं मिटली नाहीत. तळहात तिच्यापुढं नेला. "अव्वा, हे बघ." तिनं चष्मा लावला नाही, बोटानं चाचपलं. लगेच कळलं.
"कवापासनं?"
"मे."
रडेल वाटलं, ओरडेल वाटलं. बेलाचं पान हातात धरून बसली. मी भडाभडा बोलत सुटलो, दोरा, घाम, नाली, स्वामी. उद्याचं जाणं रद्द करतो म्हणालो.
"उन्हात पळालास. पावसात पळालास. लिंग नसताना."
"व्हय."
"आन काय झालं न्हाई."
"न्हाई."
तिनं बेलाचं पान खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुज्या अप्पाच्या गळ्यात व्हतं की रे. खुर्चीतनं उतरवलं तवा छातीवरच व्हतं. मीच बगितलं. कुणापशी बोलले न्हाई आजवर."
मी तिचे पाय धरले. तिनं हात झटकला, रागानं की कशानं. "सुपारी काढ ती. चुलीत टाक, न्हाईतर खा." शारदा दारात उभी राहून रडत होती.

डिसेंबर, शनिवार
निघताना अव्वानं हाक मारली. पदराखालून स्वतःच्या गळ्यातलं काढलं. तिचं लिंग. पूजेची वेळ सोडली तर तिच्या गळ्यावरून ते उतरलेलं मी जन्मात पाहिलं नाही, डोळ्याच्या ऑपरेशनलाही डॉक्टरशी भांडून अंगावर ठेवलं होतं.
"अव्वा, दुसऱ्याचं घालत न्हाईत."
"मला शिकवायलास?"
"पण काल तूच मनलीस, अप्पांच्या..."
"मनले. मला बी काय कळंना झालंय. घाल मुकाट्यानं. माज्यासाठी."
स्वतः बांधलं, तीन गाठी. मग सांगितलं की लिंग अंगावर नसताना तिला अन्नपाणी चालत नाही, तेव्हा मी परत येईस्तोवर ती पाणीसुद्धा घेणार नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. मी म्हटलं, जात नाही. ती म्हणाली, "न जाऊन बस मग. काय व्हतंय बगू." म्हणजे काय, जाऊ की नको? शारदानं पिशवी रिक्षात टाकली.
बसमध्ये गौतमला सगळं सांगितलं. तो फक्त "आयला" म्हणाला.

डिसेंबर, रविवार, हैदराबाद
उजाडतंय. हजारो माणसं, रंगीत बनियन, गाणी लावलीत. मी फुटपाथवर बसून लिहितोय. गाठी चाचपल्या. परत चाचपल्या.
आत्ता बस धरली तर सकाळच्या जेवणाआधी घरी पोचतो आणि ती पाणी पिते. पळालो तर दुपार. हे गणित कुणीही सोडवेल, मला उठवत का नाही?
घरी फोन केला. शारदा: "आंघोळ झाली त्यांची. पूजेला बसल्यात, हात मोकळाच. चहा नको मनल्या." फोन दे म्हटलं.
"अव्वा, मी निघून येतो."
"पळायला लागलास का?"
"अजून न्हाई."
"मग बोलत कामून बसलास? पळ की लौकर. मला तहान लागलीय."
ठेवलाच फोन.
लोक कमानीकडं सरकतायत. गौतमला विचारलं, एक हात छातीवर धरून एकवीस किलोमीटर पळता येतं का?
"म्हाईत न्हाई अण्णा," म्हणाला. "ऊठ, बगू."