टॅब माझा होता

४ नोव्हेंबर, मंगळवार
नाही, टॅब मला नीट चालवता येतो. सातवीपर्यंत शिकले म्हणजे आंधळी नाही. सकाळी नाशकाला बहिणीला, सुमनला, व्हिडिओ कॉल लावायला घेतला. इथं आखातात साधा लागत नाही म्हणून विनयनं व्हीपीएन टाकून दिलंय. रविवारी तेच बिघडलं, दुरुस्तीला टॅब त्यानं नेला, काल परत दिला. उघडला तर आत इंग्रजी पिक्चर, अर्धवट थांबलेला. वाटलं सिरियल असेल. पहिल्यापासून लावला.
बाई चाळिशीची. नवऱ्याचा पहिल्या बायकोचा मुलगा, दाढीवाला, चांगला मोठा. वीस मिनिटं काहीच होत नाही. तो सामानाच्या पिशव्या आणतो, ही कॉफी करते. बघतात, मान वळवतात. पिशवी घेताना हाताला हात. मग कळलं कसला पिक्चर आहे. बंद केला. सुमनचा कॉल राहिलाच.
ह्यांच्याशी लग्न केलं तेव्हा ह्यांच्या पहिलीचा विनय सव्वीसचा, नोकरीला लागलेला. मला मावशी म्हणायला चार वर्षं घेतली त्यानं. तोवर नुसतं 'अहो'. आणि पिक्चरवाल्यांचं वीस मिनिटांत.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सुनेनं पाहिलं. काल रेसिपी बघायला टॅब मृणालच्या हातात मीच दिला. बंद केलं म्हणजे गेलं, असं समजत होते. जात नाही म्हणे, राहतं.
टॅब पालथा घालून परत दिला. दर गुरुवारी सामानाला विनय न् मी जातो, आज ही म्हणली, "मी पण येते." पुढं बसली. माझे दुखरे गुडघे मागच्या सीटवर दुमडून. दुकानाबाहेर विनयच्या हातातली एक पिशवी घ्यायला गेले तर, "राहू द्या मावशी. मी घेते."
विनय माझ्याकडं बघत नाही. त्याला कळलंय, त्याचा पिक्चर आम्हाला सापडला ते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
इथं सुट्टी शुक्रवारी, रविवारी ऑफिस. विनय क्रिकेटला. आम्ही दोघी मेथी निवडत.
"टॅब कोण वापरतं, मावशी?"
"माझाय. मीच."
"मग ते तुम्ही बघितलंत?"
त्याचं नाव घेतलं तर हिचा संसार जातो. टिकला तरी सावत्र सासू ह्या घरात कशी राहील. व्हिसा विनयच्या नावावर. नाशिकचं घर ह्यांच्या आजारपणात गेलं, मग हेही गेले. म्हणलं, हो, मीच.
"टाकाला हात लावून सांगा."
गळ्यात पहिलीचा टाक आहे, विनयच्या वारलेल्या आईचा, चांदीच्या पत्र्यावर उठवलेला. बिजवराशी लग्न केलं की घालायची रीत. ही तर कधी मानत नाही असलं काही. हात लावला. सांगितलं. मनात म्हणलं, तुझ्याच पोरासाठी गं बाई.
वीस मिनिटं बघितलंच होतं, तेवढं तरी खरं.
"ह्या वयात, मावशी?" एवढंच बोलली. मेथी अर्धी तशीच टाकून उठली.

९ नोव्हेंबर, रविवार
ऑफिसला जाताना विनय खोलीच्या दाराशी. आत येईना.
"मावशी, मृणालला तुम्ही का असं..."
"यल्ला, नीघ, उशीर होतोय तुला."
"ऐका ना. मी ते... म्हणजे तसं काही मनात..."
"खलास, पुरे म्हणलं ना."
तेवढ्यात हॉलमधून मृणाल, "मावशी, दार उघडंच ठेवत जा हं."
म्हणजे शपथ पटली नाही तिला. किंवा पटली, म्हणूनच माझ्यावर पहारा.
एरवी एसी चालू असताना दार उघडं दिसलं की ओरडणारी ही. आता दिवसभर उघडं. मी पलंगावर, समोर हॉल, हॉलमध्ये ती. बाहेर जावं तर ह्या गराफा वस्तीत पायी कुठं जाणार, गाडी लागते, गाडी त्यांची.
दुसरे हजार पिक्चर असताना त्यानं हाच का लावला, हे मी त्याला विचारणार नाही. मला काय वाटतं तेही इथं लिहिणार नाही. बास.