कौटुंबिक शांतीसाठी

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, पाववाल्या मावशींचा हात कसा मोडला, आणि मी म्हटलं, भट्टीपाशी पाय घसरला. तू “अगं बाई!” म्हणालीस आणि आपण दुसऱ्या विषयावर गेलो. मावशी घसरल्या नाहीत. त्यांना नवऱ्याने ढकललं, आणि त्यात माझाही वाटा आहे. फोनवर मी हे दोन वाक्यांत उरकलं असतं, म्हणून लिहायला बसले. ऑफिसात जेवणाची सुट्टी आहे, सगळे खाली गेलेत आणि समोर पाण्याच्या तक्रारींचा ढीग तसाच पडलाय.

माझ्या कामाची तू थट्टा करतेस ना, “लोक पानभर रडतात आणि ही त्याची एक ओळ करते, वर पगार घेते,” तसंच आहे ते. काल एका बाईंनी लिहिलं होतं की पहाटे उठून बादल्या लावते, सासू अंथरुणाला खिळलेली, तिच्या चादरी धुवायच्या राहतात, वासाने शेजारी बोलतात. मी वर लिहिलं, ‘अनियमित पुरवठा’. साहेब म्हणतात, तुमच्यासारखा सारांश या मजल्यावर कुणाला जमत नाही. आणि मी फुलते. घरातली पहिली पदवी माझी, तू शाळा सोडून कात्री हातात घेतलीस म्हणून मिळालेली, तेव्हा तिचा लोकांना उपयोग व्हावा असं मला खरंच वाटायचं. अजूनही वाटतं. आई मात्र म्हणायची, “अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊ नकोस.” मला वाटायचं, आईला काय कळतंय.

वर्षापूर्वी पाळकसाहेबांनी चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेच्या विनंत्या माझ्याकडे सोपवल्या. तुला आठवतं, पूर्वी घड्याळवाले आजोबा दारापाशी उभे राहून सगळ्यांच्या विनंत्या ऐकायचे आणि उपासनेत जशाच्या तशा सांगायचे? “अमक्याचा गुडघा दुखतो, डावा, उजवा बरा आहे, देवाची कृपा.” आपण दोघी बाकाखाली तोंड खुपसून हसायचो. पण आठवड्यात कुणीतरी तेलाची बाटली घेऊन त्या डाव्या गुडघ्याकडे जायचं, हे मी विसरले. आजोबा थकले, माझी वर्णी लागली, आणि मी ठरवलं की आता जरा नीटनेटकं व्हावं. गुडघे, सासवा, जावयाचं कर्ज, सगळं गाळलं. ‘शारीरिक स्वास्थ्यासाठी.’ ‘नातेसंबंधांतील सलोख्यासाठी.’ पहिल्याच रविवारी पाळकसाहेब म्हणाले, आज कसं भारदस्त वाटलं.

गेल्या महिन्यात पाववाल्या मावशी विनंत्यांच्या रांगेत आल्या. कपाळावर पीठ तसंच. कानाशी येऊन म्हणाल्या, “पोरी, एवढं सांग. संध्याकाळी हे पिऊन येतात नि हात उचलतात. घरात कुणी परकं असलं की नाही उचलत, तेवढी लाज आहे त्यांना. तेव्हा कुणीतरी येऊन बसा म्हणावं. नुसतं बसा. चहा मी करीन.” मी त्यांचा हात दाबला, मान हलवली. मग पुढे जाऊन म्हणाले, “एका भगिनीच्या कौटुंबिक शांतीसाठी आपण प्रार्थना करूया.” सगळ्यांनी माना खाली घातल्या. सगळे आमेन म्हणाले. मी स्वतःला सांगितलं की बाईची अब्रू राखली. खरं कारण ते नव्हतं, ताई. ‘पिऊन’ हा शब्द माझ्या तोंडी शोभला नसता.

कोण भगिनी, कुठलं घर, काय हवंय, कुणालाच कळलं नाही. कोण जाणार? दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा मावशी खाटेवर बसून डाव्या हाताने केस विंचरायचा प्रयत्न करत होत्या. मी कंगवा घेतला. तर त्या मलाच समजावू लागल्या, “लोकांना वेळ नसेल गं. मी आपली रोज चार कप जास्तीचे धुऊन ठेवत होते.” मी विचारलं, मावशी, तुम्ही तर तिथेच बसला होतात, मी काय म्हणाले ते ऐकलं नाही का? त्या म्हणाल्या, “ऐकलं की. म्हटलं, शिकलेल्यांच्या भाषेत ते तेच असणार.”

ताई, तू चार वर्षांपूर्वी सरळ सांगितलंस की तुला देवाचं पटत नाही, चर्चमध्ये तोंडदेखलं बसण्यापेक्षा घरी झोपलेलं बरं. तेव्हा मी आठवडाभर तुझ्याशी धड बोलले नव्हते, तुझ्यासाठी वाईट वाटतंय असा चेहरा करून फिरत होते. आता वाटतं, तू निदान नाही तरी म्हणालीस. मी नाही म्हणत नाही आणि हो म्हणायलाही कचरते. एक रविवार चुकवत नाही, गाण्यात माझाच आवाज वरचा, मुलांना गोष्टी शिकवते, आणि डोळे मिटले की मी ऐकत असते ते माझंच मघाचं वाक्य, बरं जमलं का म्हणून. मावशी माझ्याशी बोलल्या तेव्हापासून त्यांचा हात मोडेपर्यंत मी त्यांच्यासाठी एकदाही, एकटीने, खऱ्या मनाने काही मागितलं नाही. वाक्य केलं होतं. मला वाटलं, झालं.

हे आईने ओळखलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं, पण दवाखान्यातून आल्यावर मी जेवले नाही आणि तिने विचारलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी बघते तर ती रांगेत, दोन बायकांच्या मागे, पदर सावरून उभी. मी कुजबुजले, “आई, तू इथे कशाला?” म्हणाली, “रांगेत आहे, दिसत नाही?” तिची पाळी आली तशी परक्या बाईला सांगावं तसं तिने मला सांगितलं, “माझी धाकटी लेक. दर रविवारी निघते देवाकडे, पण मधल्याच कुठल्यातरी थांब्यावर उतरते. तिला पोचव म्हणावं.” माझे कान तापले. आणि पुढे जाऊन मी काय म्हणाले सांगू? “तरुण पिढीसाठी.” अगदी सहज आलं गं, जिभेला वळणच पडलंय. सगळ्यांत मोठ्याने आमेन आई म्हणाली. घरी आल्यावर एवढंच बोलली, “भाजी गरम करून घे.” त्या दुपारी मी मोरीत नळ सोडून रडले. तक्रार कुणाची करणार, पाणी भरपूर होतं.

मावशी घरी आल्यापासून मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसते. मोठं काही करत नाही, गैरसमज नको. पोलिसांत जाऊया म्हटलं तर म्हणाल्या, “जाऊ, पण आधी बस तरी.” भट्टी बंद असते, उजवा हात प्लास्टरमध्ये, मी कणीक मळायला घेते आणि त्या हसतात, “पदवीत हे शिकवलं नाही वाटतं.” त्यांचा नवरा येतो, माझ्याकडे रागाने बघतो, खुर्ची ओढून बसतो. परवा गुरकावला, “तुमच्या ऑफिसातून पाणी कधी सोडणार?” मी म्हटलं, साडेसहाला. मग आम्ही तिघंही साडेसहाची वाट बघत बसलो. हात उठला नाही. परत येताना वाटेत मी पहिल्यांदा त्यांच्या नावाने काही मागितलं. नीट जमलं नाही. अर्ध्यात थांबले, पुढे काय मागायचं सुचेना.

आता या पत्राचं खरं कारण लिहिते. सोमवारी आणि शुक्रवारी आई बसते, बाकीचे दिवस मी. पण बुधवारी माझी तक्रार-खिडकीची संध्याकाळची पाळी असते, सुटायला नऊ वाजतात, आणि गेल्या बुधवारी तिथे कुणी नव्हतं. त्या रात्री काय झालं ते मावशी सांगत नाहीत, गालावर दिसतं. येत्या रविवारी मी त्यांची विनंती त्यांच्याच शब्दांत सगळ्यांसमोर सांगणार आहे, ‘पिऊन’ सकट. त्यांना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. आईचीही सांगणार आहे. पण रविवारच्या आधी हा बुधवार येतो. तुझं दुकान बुधवारी बंद असतं. तू देव मान किंवा मानू नकोस, मावशींनी ते विचारलेलं नाही. पिठाच्या गिरणीसमोरचं हिरव्या दाराचं घर. तो सहानंतर येतो, तू आधी जाऊन बस आणि मी येईपर्यंत उठू नकोस. भाऊजींची बस आमच्या ऑफिसवरून जाते, हे पत्र आज त्यांच्याच हाती देते. नाही म्हणायचं असेल तर त्यांच्याकडेच उद्या निरोप पाठव, म्हणजे मी दुसऱ्या कुणाचं तरी दार वाजवीन. पण ये गं.

तुझीच,
धाकटी