कामानिमित्त तात्पुरते परदेशी

३ मार्च, सोमवार

क्रोएशियाच. ठरलं. म्हणजे रूथनं ठरवलं आणि मी मान हलवली. माझ्या मनात लंडनमधल्या आमच्या हॅरोतले मराठी लोक होते. ती म्हणाली, 'स्वाती, तू त्यांच्यातलीच आहेस. जरा लांबचं बघ, नीट दिसेल.' प्रोफेसरबाईंना नुसत्या नावानं हाक मारायला अजून माझी जीभ वळत नाही, म्हणून 'एक्स्क्यूज मी'वर भागवते. हाक मारण्यापासूनच गोंधळ, तर एम.ए.च्या प्रबंधाचं काय होणार आहे!

आणि लांबचं म्हणजे किती लांब? क्रोएशियाची नेवेंका आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मी ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते, तिथल्याच किचनमध्ये तिनं मुलांना जेवणं वाढली. तिचा भाऊ दरवर्षी बेटावरून पाण्याच्या बाटल्यांत ऑलिव्हचं तेल भरून पाठवतो, त्यातली एक बाटली आमच्याकडे येते. आपण नाही का मेतकूट आणि गोडा मसाला कपड्यांत गुंडाळून आणत. तेवढ्या ओळखीवर मी क्रोएशियन स्थलांतराची अभ्यासक झाले.

श्रीकांत म्हणाला, 'कुणी विचारलं तर काय सांगू?' म्हटलं, सांग, बायकोचं डोकं फिरलंय.

९ मार्च, रविवार

दिवसभर वाचन. द्राक्षांच्या वेलींना कीड लागली आणि बेटंच्या बेटं बोटीत बसून निघाली. कुणी चिलीला, कुणी न्यूझीलंडला. मग साठ-सत्तर सालानंतरचे जर्मनीला गेले, कारखान्यांत. आणि आता अलीकडचे आयर्लंडला. इंग्लंडात त्या मानानं थोडे. म्हणजे मी निवडला देशही छोटा आणि त्यातले लोकही मूठभर.

जर्मनीला गेलेल्यांसाठी सरकारी कागदांत एक शब्दप्रयोग असायचा. त्याचा अर्थ 'कामानिमित्त तात्पुरते परदेशी'. असे तात्पुरते लोक तिथे म्हातारे झाले, त्यांना नातवंडं झाली. गावाकडे त्यांनी घरं बांधली, वरचा मजला मुलांसाठी. तो बऱ्याच जणांचा विटांचाच राहिला.

हे वाचून मी श्रीकांतला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं आलं का ते फोनवर बघत होता.

१४ मार्च, शुक्रवार

श्रीकांतची बँक पुण्यात नवीन टीम उभी करतेय. त्याला विचारलंय. ऑगस्टपासून. जूनच्या मध्यापर्यंत उत्तर द्यायचं.

सतरा वर्षं हा माणूस 'पुढच्या वर्षी परत जाऊ' म्हणतोय. पुढचं वर्ष असं दारात येऊन बेल वाजवील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यालाही नाही. आनंद झालाय की धक्का बसलाय, हे त्याच्या तोंडावरून कळेना.

अन्वीचं हे इथलं दहावीचं वर्ष. तिनं काटा खाली ठेवला. 'पण बाबा, माझा शाळा? मे महिन्यात जीसीएसई, मग ए-लेव्हल्स. माझे सगळे फ्रेंड्स इथे आहे. आय कान्ट जस्ट लीव्ह.' तिचं मराठी दुरुस्त करायचं कुणाला सुचलं नाही.

'तुझं काय?' श्रीकांतनं मला विचारलं.

'आधी प्रबंध होऊ दे, मग बोलू,' म्हटलं. प्रबंध सप्टेंबरात. उत्तर जूनमध्ये. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

२२ मार्च, शनिवार

नेवेंकाची पहिली मुलाखत. दूधविरहित काळी कॉफी, भजीएवढे गोड गोळे, आणि मधे माझा रेकॉर्डर.

मला माहीतच नव्हतं! तिचा नवरा स्टिपे शहाण्णव साली परत गेला होता. देश नवा झाला, युद्ध संपलं, आणि तो म्हणाला, आता जायचं. मुलाच्या ए-लेव्हल्स, म्हणजे आपली अकरावी-बारावी, होत्या, म्हणून ही मागे थांबली. 'दोन वर्षांसाठी,' नेवेंका म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली. तो बेटावर, ही हॅरोत. उन्हाळ्यात ही तिकडे जायची. स्टिपे वारेपर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं, असा संसार.

'फार चांगला संसार झाला. उन्हाळा लहान असतो, भांडण पूर्ण होत नाही.'

मी विचारलं, पश्चात्ताप होतो का? 'मुळीच नाही.' घर कुठलं वाटतं? तिनं टेबलावर थाप मारली. 'हे काय, हेच.'

मी लिहून घेतलं. छान, स्पष्ट उत्तर. मग घरी येऊन भांडी घासताना डोक्यात एकच — ए-लेव्हल्स, दोन वर्षं. श्रीकांतनं पुढे व्हावं, मी अन्वीचं होईपर्यंत थांबावं. किती सोयीचं आहे! आणि किती भीती वाटते.

३० मार्च, पाडवा

बागेत गुढी उभारली. वाऱ्यानं तांब्या दोनदा पाडला.

१९ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर. नेवेंका मला तिच्या चर्चला घेऊन गेली. आज टोपल्या नेऊन मंत्रून आणायच्या असतात — हॅम, उकडलेली रंगीत अंडी, गोडसर पाव, वर भरतकामाचा रुमाल. मी मांसमच्छी खात नाही म्हणून माझ्या हातात अंड्यांची टोपली दिली. नैवेद्याचं ताट घेऊन रांगेत उभं राहावं तसंच वाटत होतं.

नंतर हॉलमध्ये कॉफी. सात-आठ बायका. एकीनं नेवेंकाला विचारलं, उन्हाळ्यात जाणार का. आणि नेवेंका म्हणाली (मला एकीनं भाषांतर करून सांगितलं), 'या वर्षी जाईन ती परत येणारच नाही. माणसानं आपल्या घरी मरावं.' सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी डोळेही पुसले.

महिन्यापूर्वी टेबलावर थाप मारून 'हेच घर' म्हणणारी हीच बाई ना? परत येताना बसमध्ये विचारलं. म्हणाली, 'तिथे सगळ्याजणी तसंच म्हणतात.' म्हणजे खोटं? 'खोटं कशाला? मीही तेच म्हणाले.'

आता हे मी कुठल्या रकान्यात घालू?

२३ एप्रिल, बुधवार

कोथरूडच्या भाडेकरूनं व्हिडिओ पाठवला. स्वयंपाकघरातला नळ गळतोय. श्रीकांतनं एकदा बघून प्लंबरला फोन केला. मी चार वेळा पाहिला. खिडकीतून ओट्यावर ऊन आलं होतं आणि मागे कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या. अन्वी म्हणाली, 'मम्मी, व्हाय आर यू वॉचिंग अ टॅप?' म्हटलं, वॉशर बदलावा लागेल का ते बघतेय.

मला नळातलं काहीही कळत नाही.

६ मे, मंगळवार

रूथची भेट. तिनं माझ्या मुलाखती वाचल्या. स्तुती केली, बरीच. म्हणाली, 'पुढे पीएचडीचा विचार कर, मी मदत करीन.' चव्वेचाळिसाव्या वर्षी! तिथल्या तिथे रडूच येणार होतं. शाळेच्या ऑफिसात उशिरा आलेल्या पोरांची हजेरी लावणारी मी.

मग म्हणाली, 'एक गोष्ट मात्र आहे. तू प्रत्येकाला पश्चात्तापाबद्दल विचारतेस. जे गेले त्यांना, जे राहिले त्यांना, सगळ्यांना. हा प्रश्न नेमका कुणाचा आहे?' मी म्हटलं, संशोधनाचा. ती 'हं' म्हणाली. इंग्रज माणसाचं 'हं' फार वाईट. त्यात काय काय असतं कळत नाही. स्वतःबद्दल एक पान लिही म्हणाली, या अभ्यासात तू कुठे उभी आहेस त्याबद्दल.

मी उभी आहे ते मेट्रोपॉलिटन लाइनच्या डब्यात. बसायला जागा मिळत नाही.

घरी पीएचडीचं सांगितलं. अन्वीनं उडी मारली. श्रीकांतनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, 'मग इथलंच बघावं लागेल ना सगळं.' मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. खरंच ठरलेलं नाही.

७ मे, बुधवार

स्वतःबद्दलचं पान लिहिलं. पुसलं.

१७ मे, शनिवार

नेवेंका आज चिडली. दोन्ही उत्तरांतलं खरं कुठलं, असं मी विचारलं. तिनं कपातली कॉफी संपवली. 'तुला कोणतं उत्तर हवंय ते सांग, तेच देते. दर वेळी तोच प्रश्न घेऊन येतेस. मी दुकान आहे का?'

मी माफी मागितली. रेकॉर्डर बंद केला. मग तिची तीच बोलायला लागली. फेरी बेटाजवळ येते तेव्हा आधी पाइनचा वास येतो, गाव नंतर दिसतं. स्टिपे धक्क्यावर उभा असायचा, इस्त्रीचा शर्ट घालून. दर वर्षी दोन दिवस ते एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलायचे. 'बसा ना', 'थकल्या असाल'. तिसऱ्या दिवशी नवरा-बायको व्हायचे. 'आणि निघायची वेळ झाली की मी रागवायचे त्याच्यावर. काहीही कारण काढून. रागात निघालं की निघता येतं.'

पश्चात्ताप आहे की नाही हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत दोन घरं. पण मी आपल्याच दारासमोर किल्ली हातात घेऊन रडत उभी राहिले. का, ते समजलं नाही. स्टिपेला मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

२७ मे, मंगळवार

भांडण. श्रीकांत म्हणाला, 'स्वाती, दोन आठवडे राहिलेत. तू हो म्हण किंवा नाही म्हण. मी दोन्हीला तयार आहे.'

'माझ्यावर का ढकलतोस? सतरा वर्षं जायचं जायचं तू करतोयस.'

'म्हणूनच विचारतोय. मागच्या वेळी मी ठरवलं आणि तू बॅग भरलीस. या वेळी तसं नको.'

इतकं चांगलं बोलला की मला आणखीच राग आला. म्हटलं, मला नाही माहीत! इथे मला आत्ता कुठे कुणीतरी विचारतंय, तिकडे मी पुन्हा नुसती कुणाची तरी सून. आणि अन्वी? आणि तुझी आई एकटी, तेही आहेच. मला नाही माहीत, पुन्हा विचारू नकोस.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. गुमान ताटं उचलली.

अन्वीचा केमिस्ट्रीचा अभ्यास राहिलाय, आणि आईबाप स्वयंपाकघरात कुजबुजत भांडतात. शाबास आमची.

४ जून, बुधवार

प्रकरण झालं! 'जे राहिले'. पाच हजार शब्द. नेवेंकाचं नाव बदललंय, पण सगळं तिचंच आहे. मला वाटतं, मी तिला न्याय दिला. राहणं म्हणजे नुसतं मागे पडणं नव्हे, तोही एक निर्णय असतो, रोज नव्यानं घ्यावा लागतो. ज्या स्वयंपाकघरात तीस वर्षं कॉफी केली ते स्वयंपाकघर हाच देश. असं बरंच काही. लिहिताना मी नेवेंकाच होऊन गेले होते, हात थांबत नव्हता.

इंग्रजी तपासायला श्रीकांतला दिलं. जेवणाच्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसला, चष्मा कपाळावर. आधी मोठ्यांदा स्वल्पविराम सांगत होता, मग गप्प झाला. शेवटचं पान त्यानं दोनदा वाचलं. 'फार छान लिहिलंयस,' म्हणाला. आवाज जरा बसला होता. सर्दी असेल, सध्या हवेत पराग आहेत.

मला बरं वाटलं. घरातल्या कुणी माझं काही इतकं मन लावून पहिल्यांदाच वाचलं. जेवताना दोघंही चांगल्या मूडमध्ये होतो. कितीतरी दिवसांनी.

९ जून, सोमवार

आज ठरवलं — येत्या शनिवारी श्रीकांतशी शांतपणे बोलायचं. अन्वीला मैत्रिणीकडे पाठवायचं. काय बोलायचं ते अजून माहीत नाही, पण बोलायला लागल्यावर कळेल असं वाटतंय.

१२ जून, गुरुवार

श्रीकांतनं बँकेला नाही म्हणून कळवलं. सकाळीच, ट्रेनमधून. संध्याकाळी येऊन म्हणाला, 'तुझं चॅप्टर वाचलं तेव्हाच कळलं मला. एवढं मनापासून लिहिलंयस. पुन्हा विचारून तुला त्रास कशाला द्यायचा?' अन्वी त्याच्या गळ्यात पडली. तो माझ्याकडे बघत होता, मी खूश झाले का ते. मी हसले. चहा टाकला.

मला जायचं होतं.